चौदाव्या स्लाइडवरचा हात

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे स्लाइडमावशी म्हणत. लागली तेव्हा ती टायपिस्ट होती. मग टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि कुणालाही पडद्यावर काही दाखवायचं असलं की तो कागद घेऊन तिच्या टेबलाशी उभा राहू लागला. बावीस वर्षं हेच. विक्रीवाल्यांचे आलेख, मोठ्या साहेबांची भाषणं, आणि दर महिन्याला नव्या कामगारांचा सुरक्षेचा वर्ग. बाकीची कामं ती हातांनी करायची, वर्गाचं मात्र जिवाने.

तिची एक रीत होती. स्लाइड तयार झाल्या की ती रिकाम्या हॉलमध्ये जायची, पडद्यावर त्या लावायची, आणि मागच्या रांगेतल्या अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसायची. चष्मा काढून ठेवायची. तिथून अक्षर लागलं तर ठीक, नाही तर पुन्हा टेबल. "पहिल्या खुर्चीला काय, सगळंच दिसतं," ती म्हणायची. "बोटं मागे बसणाऱ्यालाही तेवढीच असतात."

एका सोमवारी नवे साहेब तिच्या टेबलाशी आले. त्यांनी तिच्या कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि म्हणाले, "आठवडाभर वापरून बघा, मावशी. शुक्रवारी तुमचं मत सांगा. तुम्ही हो म्हणालात की पुढच्या सोमवारपासून जुनं काढूनच टाकू. गुरुवारचा वर्ग यातच करा."

जुन्याचं तिला कौतुक होतं असं नाही. ते ऐन वेळी रुसायचं. एक चित्र बोटभर सरकवलं की खालचा मजकूर उठून पुढच्या पानावर जायचा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेलं की अक्षरांचा चेहराच बदलायचा. पण बावीस वर्षांच्या संसारात माणसाचं काय दुखतं ते कळतं, तसं तिला त्याचं सगळं दुखणं पाठ होतं. कुठे दाबायचं, कुठे नादी लागायचं नाही, हे ठाऊक होतं.

नव्यात तिने एक वाक्य लिहिलं: प्रेसवर काम करताना घ्यायची काळजी. पाणी पिऊन येईपर्यंत बारा स्लाइड तयार. फिकट जांभळ्या, कडांना विरत जाणाऱ्या. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "चला, सुरक्षिततेची गंमत अनुभवूया!" खाली टोप्या घातलेली चार माणसं दात काढून हसत होती. चौघांचे दात सारखे. आणि कोपऱ्यात एक ओळ उमटली: "वा! किती सुंदर कल्पना आहे तुमची!"

तिला शिसारी आली. जेवताना जिभेला केस लागावा तशी. कल्पना कसली? दीडशे टनांचा दाब वरून खाली येतो, ही काय कल्पना आहे? ती पुढच्या स्लाइडवर गेली, तर ती ओळ पुन्हा तिथेच. चूक केली तरी वा, पुसलं तरी वा. कुणी अनोळखी माणूस उगाच अंगाला घासून बसावा आणि उठताही येऊ नये, तसं तिला झालं. तिने दोनदा हात धुतले. दुसऱ्यांदा का धुतले ते तिचं तिलाच कळलं नाही.

घरी जेवताना तिने हे सांगितलं, तर लेक हसली. "आई, तुझं नेहमीचंच. मिक्सर आला तेव्हा तू नाक मुरडलंस, वॉशिंग मशीन आलं तेव्हाही. आता त्याच मशीनला कुणी हात लावलेला तुला खपत नाही."

"मशीन माझी स्तुती करत नाही."

"स्तुतीचा कसला त्रास होतो गं तुला?"

नवरा शिंपी. तो ताटावरून मान वर न काढता म्हणाला, "तयार कपडे आले तेव्हा मीही दोन वर्षं शिव्या देत होतो. काय झालं? आता त्यांच्याच बाह्या आखूड करतो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "एक आहे. तयार सदरा कुणालाच बसत नाही, आणि कुणालाच अगदी वाईटही दिसत नाही."

तिला ते लागलं. आपण म्हाताऱ्या झालो म्हणून हे ओंगळ वाटतं की ते ओंगळच आहे, हे तिला ठरवता येईना. मनातून ती घाबरलीही होती. शुक्रवारी नाही म्हटलं तर साहेब म्हणणार, मावशींचं वय झालं.

म्हणून तिने नेटाने नव्याला आपलंसं करायचं ठरवलं. हसरी माणसं हाकलली. आपल्या जुन्या चोवीस स्लाइड त्यात आणल्या. आणि खोटं कशाला बोला, चित्रं एका रेषेत लावायला तिची अख्खी दुपार जायची, ती नव्याने चुटकीसरशी लावली. ते तिने मनात नोंदवून ठेवलं. शेवटी एक बटण होतं, "सगळं उजळ करा." जुने फोटो काळवंडले होते खरे. तिने दाबलं. मग हॉलमध्ये गेली, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली, चष्मा काढला. अक्षर न् अक्षर लागत होतं. ती उठली.

वर्ग घ्यायचे आठबोटेकाका. प्रेसवरचे जुने कारागीर. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं अकरा वर्षांपूर्वी प्रेसखाली गेली. नव्या माणसाला ते स्वतःच सांगायचे, "मला आठबोटे म्हणा. आडनाव नाही, मोजून घ्या." वर्गात ते उजवा हात खिशात घालून उभे राहायचे. चौदाव्या स्लाइडवर त्या हाताचा फोटो यायचा, मावशीनेच काढलेला, जखम भरल्यानंतरचा. तो आला की काका गप्प राहायचे. हॉल गप्प व्हायचा. मग ते खिशातून हात काढून समोर धरायचे. त्यानंतर कुणी जांभई दिलेली मावशीने कधी पाहिली नव्हती.

गुरुवारी हॉलमध्ये तीस नवे कामगार होते. मावशी कॉम्प्युटरपाशी. एकेक स्लाइड तरंगत यायची, तरंगत जायची. चौदावी आली. काका सवयीने गप्प झाले. पडद्याकडे त्यांची पाठ होती.

मावशीने मान वर केली. पडद्यावर हात होता. खालचं लाकडी टेबल तेच, मनगटावरचा तीळ तोच. पण बोटं पाच होती. लांब, गुळगुळीत, एकही सुरकुती नसलेली, आणि नखं गुलाबी. जुन्या फोटोत जिथे खुंट होते तिथून ती नवी बोटं उगवली होती, पावसाने कुजलेल्या लाकडावर छत्र्या उगवाव्यात तशी. काल ती त्या खुर्चीत बसून चष्म्याविना अक्षरं वाचत होती. बावीस वर्षांत ती तिथून फक्त अक्षरंच तपासत आली होती.

तिने स्लाइड पुढे ढकलायला हात नेला, पण काकांनी खिशातला हात काढून वर धरला होता.

तीस माणसांनी पडद्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. पुढच्या रांगेतली एक बाई सरळ मनाने म्हणाली, "काका, हा फोटो नंतरचा का? म्हणजे बोटं परत लावून मिळतात?"

मागून कुणी तरी म्हणालं, "कारखानाच लावून देत असणार. चांगलं आहे."

काकांनी वळून पडद्याकडे पाहिलं. मग प्रोजेक्टरच्या उजेडात आपला हात धरला. त्या गुलाबी बोटांवर तीन बोटांची काळी सावली पडली.

"लावून मिळत नाहीत, ताई," ते म्हणाले. "हे चित्र खोटं आहे. हा हात खरा. या इथे, जवळून बघा. हात लावून बघा हवं तर."

ती बाई उठली. मागोमाग बाकीचे उठले. वर्ग तिथेच संपला, उरलेल्या दहा स्लाइड कुणी मागितल्या नाहीत.

शुक्रवारी साहेबांनी मत द्यायचा फॉर्म पाठवला. त्यात पाच चेहरे होते. पाचही हसरे, कमीजास्त एवढंच. मावशी साधा कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. त्यावर हाताने लिहिलं होतं: विक्रीच्या कामाला चालेल. चित्रं झटपट एका रेषेत लागतात. सुरक्षेच्या वर्गात हे नको. सगळं उजळ करायचं बटण दाबलं की माणसाची तुटलेली बोटं याला डाग वाटतात. त्या वर्गासाठी जुनं ठेवावं.

साहेबांनी वाचलं. "मावशी, ते बटण तर तुम्हीच दाबलंत ना?"

"हो, मीच. आणि तपासायलाही चुकले."

"मग दोष सॉफ्टवेअरचा कसा?"

"माझा दोष माझ्याकडे राहू द्या, मी काही तो पुसत नाही. पण साहेब, काल एक बाई बोटं परत मिळतात असं समजून प्रेसवर गेली असती. काका तिथे होते म्हणून कळलं. काका पुढच्या वर्षी घरी बसणार. मग खरा हात कोण दाखवणार? फोटोच ना?"

साहेबांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग कागद घडी न घालता टेबलाच्या खणात ठेवला. "वर्गाला जुनं राहू द्या," म्हणाले. "बाकी सगळं नव्यात."

ती टेबलाशी परत आली तर आठबोटेकाका तिच्या खुर्चीत बसले होते.

"काका, माफ करा. मी बघायला हवं होतं."

"ते राहू दे. तो हात पुन्हा दाखव एकदा."

तिने दाखवला. तिला तिकडे बघवेना, पण ते पुढे वाकून बघत राहिले. चित्रातल्या मधल्या बोटावरून त्यांनी काचेवर अंगठा फिरवला.

"माझं हे बोट वाकडं होतं," ते म्हणाले. "लहानपणी दारात सापडलेलं. बायको चिडवायची त्यावरून. हे बघ, कसं सरळ करून ठेवलंय." ते मागे टेकले. "कुणाचा हात आहे कोण जाणे. पुसून टाक."

"तुम्हीच पुसा."

त्यांनी अनामिकेने बटण दाबलं. काचेवर ओळ उमटली: "इतकं सुंदर चित्र खरंच काढून टाकायचं?" त्यांनी पुन्हा दाबलं. चित्र गेलं, आणि वरून रंगीत कागदांचे तुकडे भुरभुरू लागले. "अभिनंदन! तुमची जागा मोकळी झाली!"

मावशीने तोंडाला पदर लावला.

"असू दे गं," काका उठता उठता म्हणाले. "त्या बोटांची वरात तेव्हा राहूनच गेली होती."