कूस बदलल्याच्या खुणा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुषमाला, माझ्या बायकोला, तर नाहीच — आणि खरं म्हणजे तिलाच सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरी येणार नाही, तिच्यासमोर बसून तिच्या हातचा चहा घेणार नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी अंबडच्या कारखान्यातली नोकरी गेली. वॉचमनचं कामसुद्धा जमेना. मग कुणीतरी सुचवलं, दवाखान्यांत रुग्णसेवा सहाय्यक लागतात. सहा महिन्यांचा कोर्स, परीक्षा पास झालं की काम. मी नाव घातलं. वर्गात सगळी विशीतली पोरं. मी सकाळी पाठ केलेलं दुपारी विसरायचो. नापास झालो तर पुढे काय?

त्यातच आईला अर्धांगवायू झाला. चांदवडहून तिला इंदिरानगरला आमच्याकडे आणलं. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "काका, तुमची मज्जा आहे, पेशंट घरातच!" सगळे हसले. मीही हसलो.

कोर्सच्या मॅडमनी प्रत्येकाला एक तक्ता दिला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर एकाच जागी दाब पडून जखम होते. कूस बदलली की त्या वेळेच्या चौकोनात खूण करायची, पुढे त्वचा कशी आहे ते लिहायचं. मॅडम माझा रकाना तपासणार होत्या; घरच्यांसाठी शेजारी वेगळा रकाना होता. महिनाभराचा तक्ता पूर्ण नसेल तर प्रात्यक्षिकाला बसता येणार नव्हतं.

सकाळी मी वर्गात, तेव्हा आई सुषमाकडे. रात्रही तिचीच. दुपारी ती शिवणाच्या दुकानात जायची, ती आठला परत. तेवढा वेळ आई माझी. दोन, चार, सहा, आठ. चार खुणा. फक्त चार.

कसं सांगू? — मी आईच्या खाटेशेजारीच अभ्यासाला बसायचो. तिची जीभ जड झाली होती, तरी एवढं कळायचं, "आरं, जरा कुशीला कर ना. लय दुखतंय." मी म्हणायचो, "थांब गं, एवढं पान होऊ दे." पान व्हायचं. मग दुसरं पान. एकदा तर ते पान दाबानं होणाऱ्या जखमांचंच होतं. मी मोठ्यानं पाठ करत होतो, आणि ती ऐकत होती.

वळवायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. पाचसुद्धा नाही.

आठ वाजता जिन्यात सुषमाची चप्पल वाजली की मी आईला वळवायचो, आणि चारही खुणा एकदम करायचो. दोन वेगवेगळ्या पेननं — एका बैठकीत केल्या असं दिसू नये म्हणून. काल वाचलेलं आज आठवायचं नाही, पण ही अक्कल मात्र बरोबर सुचली.

परीक्षेच्या आदल्या मंगळवारी आईच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. शिकवलं होतं तसं बोटानं दाबला. बोट काढलं. लाली तशीच. त्याचा अर्थ मला माहीत होता — घरात फक्त मलाच माहीत होता. तक्त्यात लाली लिहिली असती, तर मॅडमनी विचारलं असतं, दर दोन तासांनी वळवत होतात ना, मग ही आली कुठून? मी लिहिलं, "त्वचा ठीक."

तोंडी परीक्षेत परीक्षक बाईंनी विचारलं, जखमेचं पहिलं लक्षण कसं ओळखाल? बाकी सगळं अडखळत सांगितलं होतं. हे एका दमात सांगितलं. "छान," त्या म्हणाल्या.

पास झालो. निकाल येईपर्यंत जखम उघडली होती.

येवल्याहून बहीण आली, लता. आईची पाठ बघून रडली, मग खाटेजवळचा तक्ता हातात घेतला. "दादाची एक खूण चुकली नाय. आन् वहिनी, तुमच्या रकान्यात हे रिकामं रिकामं काय हे?"

सुषमा म्हणाली, "डोळा लागला तिथं नाही केली खूण. न वळवता कशाला लिहू?"

"मग भोगतंय कोण? माझी आई!"

मी दारात उभा होतो. हातात आईसाठी आणलेलं शहाळं. एक वाक्य पुरलं असतं.

खाटेवरून आई म्हणाली, "तिला नको बोलू गं." आणि माझ्याकडे बघितलं. तिला दुपार न् दुपार ठाऊक होती. माझं नाव तिनं घेतलं नाही. दोन महिन्यांनी ती गेली — त्याच जखमेतून अंगभर विष पसरून. पाहुण्यांमध्ये गोष्ट पक्की झाली: सुनेनं बघितलं नाही.

मला काम मिळालं. आता अनोळखी माणसांना मी घड्याळ लावून वळवतो. नातेवाईक म्हणतात, ह्यांच्यासारखा माणूस मिळणार नाही. खरंच एकही वेळ चुकवत नाही. त्यानं काय होतं? काही नाही होत.

गेल्या महिन्यात सुषमाची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. सुषमानं भावाला फोन केला — आईला इकडे आण, मी करते तिचं. फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, "नको ताई. तुझ्या सासूचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये."

मी समोरच बसलो होतो. हातभर अंतरावर.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. थोडा वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग उठली आणि मला विचारलं, चहा टाकू का?

मी हो म्हणालो.