मी तिकडचाच आहे

आमच्या कंपनीत सॉफ्टवेअरच्या रचनेत बदल करायचा तर आधी समितीपुढं जावं लागतं. घाई असेल तर एखाद्या जुन्या माणसानं प्रस्तावाची हमी घ्यायची, म्हणजे तो दोन दिवसांत निघतो. भातपिकाच्या पाहणीच्या ॲपसाठी ती हमी मी घेतली. माहिती फोनमध्ये साठवायची नाही, थेट सर्व्हरवर पाठवायची, एवढाच बदल होता.

बैठकीला आठ जण. निम्म्यांनी प्रस्ताव उघडलाही नव्हता. अर्धा तास आकृतीतल्या बाणांच्या रंगावर घातला! पगार कशाचा घेतात ही माणसं? मला शिसारी आली. शेवटी एकीनं कामाचं विचारलं, "रेंज नसेल तिथं काय?"

मी निमगाव सावाला घरी बसून, फायबरच्या इंटरनेटवरून बोलत होतो. म्हणालो, "मी तिकडचाच आहे. सगळीकडं रेंज असते." तेवढ्यावर मंजुरी मिळाली. पाहणी जिथं व्हायची होती ते तळेघर त्याच जिल्ह्यातलं, पण डोंगरातलं; ते मी तोवर एकदाच पाहिलं होतं, भीमाशंकरला जाताना, गाडीतून न उतरता.

दोन महिन्यांनी कामासाठी तिथं गेलो. पाहणी करणाऱ्या ताई बांधावर उभ्या राहून सगळं वहीत लिहीत होत्या. मग टेकडी चढून, रेंज आली की तेच पुन्हा फोनमध्ये भरत होत्या.

"आधी फोनमधी राहायचं, भाऊ. आता समदं उडून जातं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडचं कुणी नसंल हे ठरवणाऱ्यांत."

"नसंल," मी म्हणालो.