फळीपलीकडचा वाद

जुन्या जालन्यातल्या नेट कॅफेत तो रोज माझ्या शेजारी बसायचा. मधे फक्त प्लायवूडची फळी. कॉलेजातला असावा, नाव कधी विचारलं नाही. प्रत्येक वाक्य आधी पुटपुटायचा, मगच टाइप करायचा, आणि पाठवलं की खुशीत बोटं मोडायचा.

त्या दिवशी मी एका मराठी फोरमवर टोपणनावाने वाद घालत होतो. दाराला लिंबू-मिरची बांधली की धंदा चालतो, हे माझं म्हणणं. दाखला आमच्याच कापडदुकानाचा.

फळीपलीकडून पुटपुट आली, "धंदा चालून राह्यला म्हणून लिंबू परवडतंय." मिनिटभरात तेच वाक्य माझ्या पडद्यावर उमटलं.

इतकी वर्षं दर शनिवारी आम्ही लिंबू बदलत होतो. हे असं उलटं धरून बघणं घरात कुणालाच सुचलं नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली. बाहेर पायरीवर तो मला सांगू लागला, "एकाला पार अडकवला बघा. पर मानणार न्हाई तो. पुण्याचा असंल."

लाईट आल्यावर मी टाइप केलं, "तुमचं बराबर आहे."

पलीकडून पुटपुट आली, "मंग पुण्याचा न्हाई."