मंगळवारची आई

कणीक मळताना तो कायम दाराकडं तोंड करून बसायचा. "भूकंपात दाराकडं पाठ होती माझी," म्हणायचा. "आता न्हाई फिरवत."

किल्लारीकडचं त्याचं घर पडलं. मदतीच्या यादीसाठी कारकुनानं विचारलं, पुरुष का बाई? हा म्हणाला, "सायब, काहीबी लिव्हा, पत्रे तेवढे द्या." नंतर तो लातूरला आला आणि माझ्या खानावळीत कामाला लागला.

तो देवीचा आराधी. मंगळवारी नि शुक्रवारी लुगडं नेसून, कवड्यांची माळ घालून, परडी घेऊन ती जोगवा मागायची. त्या दिवशी गल्ली तिला आई म्हणायची. बाकीचे दिवस तो दादा. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. तुम्ही गल्लीत राहिला असता तर तुम्हीही तसंच म्हटलं असतं.

पुढं क्लासची पोरं वाढली. टवाळ पोरं त्याला बघून टाळ्या पिटायची. मेडिकलची तयारी करणारी एक पोरगी त्यांच्यावर तुटून पडली. चांगलं केलं. मग तिनं खानावळीच्या भिंतीवर कागद चिकटवला : यांना ताई म्हणावे.

"आजी, आज दादा, उद्या आई, असं नाही चालत. त्यांचा अपमान होतो."

"त्याला विचारलंस का?"

"त्या घाबरून खरं सांगत नाहीत."

तो परातीतून मान वर न करता म्हणाला, "अक्का, लेकरू लई गुणाचं हाय. पण रोजच ताई, तर मंगळवारी आईला कोण बोलवील?"

टाळ्या थांबल्या. हाकाही थांबल्या. दादा म्हटलं की पोरी डोळे वटारायच्या, आणि ताई आमच्या तोंडात बसेना. चुकायला नको म्हणून सगळे नुसतं "अहो, जरा ऐका" म्हणू लागले. मीसुद्धा. मी चौथी शिकलेली. त्या पोरींपुढं अडाणी दिसायची मला लाज वाटली.

एका मंगळवारी ती परडी घेऊन दारात आली. आत पोरी जेवत होत्या. मी मुकाट्यानं परडीत पीठ घातलं. ती हलेना.

"अक्का, कुणाला वाढलं हे?"

मी पोरींकडं बघितलं आणि गप्प राहिले.

तिनं परडी कलती करून पीठ माझ्या डब्यात परत ओतलं. कडेला चिकटलेलंसुद्धा बोटानं निपटून टाकलं. मग गेली. माहूरला दिसली असं कुणी म्हणतं. मी शोधायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी कणीक मीच मळली. पोरीनं विचारलं, "आजी, ताई कुठं गेल्या?"

"जेव गप," म्हणाले.