पाटी कंपनीची, चूल मामीची

मुरबाडचे एजंटमामा चहा कंपनीबद्दल बोलायचे ते लेकीच्या सासरच्यांबद्दल बोलावं तसं: आवाज खाली आणून, चांगलंच तेवढं. दुकानावरची कंपनीची पाटी ते सकाळी आधी ओल्या फडक्याने पुसायचे आणि मग स्वतःचं तोंड धुवायचे. "आपल्या तोंडाकडं कोन बघतो," म्हणायचे. ते आईच्या माहेरचे, म्हणून मामा.

त्या काळी कंपनीने गावोगाव असे एजंट नेमले होते. दुकान त्यांचं, पाटी, पत्ती आणि नियम कंपनीचे. गिऱ्हाइकाला चहा करून दाखवायचा, तोही कंपनीच्या रीतीने: पत्तीवर उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं, दूध वरून. पत्ती उकळायची नाही. मामांनी ते इमानाने केलं. बाजाराला आलेल्या एका म्हाताऱ्याने घोट घेऊन कप खाली ठेवला.

"एजंट, पान्याला नुसता ताप आलाय. चा कुठं हाय?"

तेव्हापासून दुकानात पुढे कंपनीची किटली आणि मागे मामीच्या चुलीवर गूळ, आलं, गवती चहा घालून रटरटणारं पातेलं. गिऱ्हाईक सगळं मागे. पत्ती मात्र खपू लागली.

एका बाजारच्या दिवशी कंपनीचे साहेब तपासणीला आले. त्यांना मराठी येत नव्हतं. मी कॉन्व्हेंटातून सुट्टीला आलेली. मामांनी मलाच पुढे केलं. पातेलं बंद करा, नाहीतर पाटी काढून नेतो, असं साहेब म्हणाले. मी खाली बघत ते मराठीत सांगितलं.

मामांचा चेहरा उतरला. फडकं घेऊन त्यांनी पाटी एकदा पुसली.

"सांग गो त्यांना. पाटी न्या. पन पत्ती पाठवत जा. लोकांना आता लागते."

अनोळखी माणसाशी मी इंग्रजीत बोललेलं ते पहिलं वाक्य. तेवढ्यात मामीने पातेल्यातला कप साहेबांच्या हातात दिलाही होता. ते प्यायले. मग दुसरा कप मागून म्हणाले, निदान रस्त्यावरून दिसू देऊ नका.

मामीने जुन्या लुगड्याचा पडदा बांधला. पडदा आला तशी गर्दी वाढली.

मामा आता नाहीत. दुकान मामी चालवते. परवा नवे साहेब आले आणि पडद्याकडे बोट करून आत काय आहे म्हणाले. मी मामीकडे पाहिलं.

"देव हायेत म्हन," ती म्हणाली.

मी तसं सांगितलं. साहेबांनी अदबीने टोपी काढली, आणि आतून कुणीतरी बशीतला चहा फुर्रकन ओढला.