रोज सकाळी धुतलेला मास्क

युसूफ गादीवाला गेला, तेव्हा त्यांच्या घरातल्या रीतीप्रमाणे चौथ्या दिवशी त्याची गादी उसवली. पिंजाऱ्याचं घर ते. तिथे गेलेल्या माणसाची गादी जाळत नाहीत की उकिरड्यावर टाकत नाहीत. कापूस काढतात, पुन्हा पिंजतात, नव्या खोळीत भरतात आणि ज्याच्याकडे अंथरायला काही नाही अशा कुणाला तरी देऊन टाकतात. कपडे गेले, चपला गेल्या, चष्म्याची फ्रेमसुद्धा कुणीतरी मागून नेली. मागे राहिलं ते झोपेचं मशीन. ते कपड्यांत धरायचं, अंथरुणात धरायचं की औषधांत, हे पिंप्राळ्याच्या त्या घरात कुणालाच ठरवता येईना. म्हणून ते पलंगाशेजारच्या स्टुलावर होतं तसंच राहिलं.

आणि त्याची बायको आबेदा रोज सकाळी त्याचा मास्क धूत राहिली.

भेटायला येणाऱ्या बायका ते पाहून पदर डोळ्यांना लावायच्या. किती जीव होता नवऱ्यावर, म्हणायच्या. जीव होता, नाही कशाला म्हणा; पण आबेदाला त्या दिवसांत खरं तर काहीच वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, कुणी ताट पुढे ठेवलं तर ती जेवायची आणि उचललं तर उठायची. सकाळ झाली की हात आपोआप मास्ककडे जायचे. सव्वा वर्षाचं हातांना लागलेलं वळण होतं ते, बाकी काही नाही.

मशीन घरात आलं ते युसूफच्या घोरण्यापायी. घोरणं कसलं, पिंजण्याचं यंत्र रात्रपाळीला चालू असावं तसा आवाज. त्या आवाजाला कंटाळून आबेदा सात वर्षं बाहेरच्या खोलीत झोपत होती. दिवसा युसूफ दुकानात बसल्या जागी पेंगायचा. गादीला टाके घालायचं दाभण हातात, आणि मान छातीवर. एकदा सावद्याच्या गिऱ्हाइकाची लग्नाची गादी शिवताना त्यानं आपल्याच सदऱ्याची बाही गादीला शिवून टाकली आणि उठायला गेला तर गादीही उठली. दुकानातली माणसं पोट धरधरून हसली. मुलगा दानिश मात्र हसला नाही. त्यानं बापाला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. अंगाला वायरी लावून एक रात्र तपासणी झाली आणि कळलं की झोपेत युसूफचा श्वास तासाला चाळीस-पंचेचाळीस वेळा थांबतो. घसा आतून मिटतो, शरीर घाबरून जागं करतं, पुन्हा मिटतो. डॉक्टर म्हणाले, रात्रभर हवेचा दाब देणारं मशीन लावा, नाहीतर हृदयावर ताण येईल.

रिंग रोडवरच्या मशीनच्या दुकानातली मेघा नावाची मुलगी मशीन कसं वापरायचं ते शिकवायला बसली, तेव्हा युसूफ तिच्यासमोरच डुलक्या घेत होता. शिकली ती आबेदा. मास्कची रबरी गादी रोज सकाळी कोमट पाण्यात लहान बाळाच्या साबणानं धुवायची, कारण चेहऱ्याचं तेल तिला लागतं आणि मग हवा गळते. सावलीत वाळवायची. नळी आठवड्यातून एकदा धुऊन दोरीवर टांगायची. पाण्याची डबी रोज रिकामी करायची, तिच्यात मेडिकलमधलं डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. जळगावचं साधं पाणी घातलं तर तळाशी पांढरे क्षार धरतात.

पहिल्या आठवड्यात आबेदानं व्हायचा तो घोळ केला. स्वच्छ म्हणजे डेटॉल, हे तिच्या डोक्यात पक्कं. आणि वाळवायचं म्हणजे उन्हात, धाब्यावर, कुरडया घालतात तिथे. त्या रात्री युसूफनं मास्क लावला आणि दवाखाना नाकात शिरला म्हणून ओरडत उठून बसला. मेघानं फोनवर हसत हसत समजावलं. फिल्टरचा वेगळाच तमाशा. इतरांना महिनाभर जाणारा फिल्टर या घरात पाचव्या दिवशी कापसाच्या तंतूंनी भरून जायचा. युसूफच्या केसांत कापूस, भुवयांत कापूस. शेवटी आबेदानं फर्मान काढलं की अंघोळ केल्याशिवाय मशीनच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही.

पण मशीननं काम केलं. घोरणं थांबलं. आबेदा सात वर्षांनी आतल्या खोलीत झोपायला आली. रोज सकाळी मास्क धुवायला घेताना ती विचारायची, "झोप लागनी का तुम्हले?" आणि युसूफ म्हणायचा, "एकदम झकास लागनी." एवढंच बोलणं. त्या दोन वाक्यांवर तिचा दिवस छान जायचा.

सप्टेंबरातल्या त्या दिवशी सकाळी सावद्याहून तिची बहीण जीनत आली. चहा, नाश्ता, गप्पा, जेवण. मास्क राहून गेला. संध्याकाळी जीनतला गाडीवर बसवून आल्यावर आबेदाला आठवण झाली, तिनं तो धुतला आणि टांगला. हवा दमट होती. झोपायच्या वेळेला रबर ओलंच, पट्टेही ओले. ती पंख्याखाली धरून वाळवायला लागली तर युसूफ म्हणाला, "राहू दे व. आज बिगर मशीननं जपी जासू." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. पहाटे तिनं नमाजाला हाक मारली, तेव्हा त्याचं अंग गार होतं.

घरात माणसं जमली. डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले. दानिशनं आईला पहिलाच प्रश्न विचारला, "अब्बानी मशीन लायेल व्हतं ना?"

आबेदा हो म्हणाली. म्हणाली आणि झालं. पुढे दानिश येईल त्या प्रत्येकाला सांगत राहिला, मशीन लावून झोपले होते, सगळं नीट होतं, अल्लाची मर्जी. तो तसं सांगताना आबेदा खाली बघायची. त्या एका शब्दाचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. आपण मास्क वेळेवर धुतला नाही म्हणून माणूस गेला, हे तिनं स्वतःशी पक्कं केलं होतं. कुणाला सांगायचं नव्हतं. इद्दतीचे, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरातच राहायचे, चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडली नाही, आणि खरं सांगायचं तर तिला ते बरंच वाटलं. बाहेर कुणी काही विचारेल ही भीती नव्हती.

इद्दत संपता संपता सून अफिफाच्या एक गोष्ट लक्षात आली. सासूबाई बसल्या बसल्या झोपतात. तव्यावर भाकरी करपते, आणि त्या तव्यासमोरच डोळे मिटून. नमाजात सजद्याला जमिनीवर डोकं टेकतात ते उचलतच नाहीत. सगळे म्हणाले, दुःख आहे, व्हायचंच. अफिफा दोन रात्री सासूशेजारी झोपली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला म्हणाली, "अम्मी बी घोरतंस. मधमाच श्वास थांबी जास. अब्बासारखंच."

पुन्हा तेच डॉक्टर, त्याच वायरी. आबेदाचा श्वास तासाला तीस वेळा थांबत होता. डॉक्टर म्हणाले, बायकांचं हे उशिरा कळतं, कारण त्यांच्या थकव्याला कुणी आजार म्हणत नाही. आबेदानं ऐकून घेतलं. आपल्याला काय झालं आहे याचं तिला फार काही वाटलं नाही. दानिशनं विचारलं, घरी वडिलांचं मशीन आहे, चालेल का? चालेल, डॉक्टर म्हणाले. मास्क, नळी, फिल्टर नवीन घ्या. दाब तुमच्या आईप्रमाणे बदलून देतो लिहून. दुकानात मशीन घेऊन जा, त्यात कार्ड असतं, त्यावर वडिलांच्या प्रत्येक रात्रीची नोंद असेल. दुकानातले ते बाजूला काढून ठेवतील.

प्रत्येक रात्रीची नोंद. म्हणजे त्या शेवटच्या रात्रीचीही, हे आबेदाच्या लक्षात आलं. चार-साडेचार महिन्यांत तिला पहिल्यांदा काही जाणवलं असेल तर ती ही भीती. तिनं मेघाचं शिकवणं कान देऊन ऐकलं होतं, पण मशीन आतल्या आत लिहीत असतं हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. सुरुवातीला युसूफ महिन्याच्या महिन्याला कार्ड दाखवायला जायचा. मग सगळं ठीक आहे, दरवेळी कशाला, म्हणून बंद केलं होतं.

ती आठ दिवस टाळत राहिली. आज गुडघा दुखतो, उद्या जीनत येणार आहे. मला नको मशीन, म्हणून पाहिलं. दानिश ऐकेना. एक बाप गेला, आता तुला जाऊ देणार नाही, म्हणाला. एका दुपारी त्यानं मशीन पिशवीत घातलं, आईला स्कूटरवर मागे बसवलं आणि रिंग रोड गाठला. वाटेत तिला दोनदा वाटलं की त्याच्या पाठीला हात लावावा आणि सांगून टाकावं. ती पिशवी धरून बसून राहिली.

मेघानं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. पडद्यावर निळ्या रेघा उभ्या राहिल्या, एकेका रात्रीची एकेक रेघ.

"सुरुवातीला काकांनी फार छान वापरलं," मेघा म्हणाली. "हे बघा, सात तास, साडेसहा, सात." ती पुढे सरकवत गेली. मेच्या मध्यावर रेघा एकदम बसक्या झाल्या. पुसटशा, पडद्याच्या तळाला चिकटून. जूनभर तशाच. जुलैभर तशाच. ऑगस्टमध्येही तशाच.

दानिश पुढे झुकला. "हे काय झालं? बिघडलं होतं का?"

"नाही. मशीन चांगलं आहे." मेघानं एका रेघेवर बाण नेला. "वीस मिनिटं. ही बावीस. ही अठरा. म्हणजे काका लावायचे आणि थोड्या वेळानं काढून ठेवायचे. मेमध्ये बऱ्याच जणांचं असं होतं. उकाडा, त्यात लाइट जाते. तोंडावर मास्क सहन होत नाही. मग ती सवय राहून जाते." ती आबेदाकडे वळली. "काकू, तुम्हाला कधी घोरणं ऐकू आलं नाही?"

आबेदानं नाही म्हणून मान हलवली. दानिश आणि अफिफा मागच्या खोलीत झोपायचे. एकेकाळी घोरण्यानं जागी राहणाऱ्या तिला आता पाठ टेकल्यावर वीस मिनिटांत झोप लागायची, आणि झोप म्हणजे बेशुद्ध पडल्यासारखी. घरातली शांतता मशीनची आहे असं ती समजत होती. ती शांतता तिच्याच आजारी झोपेची होती.

दानिशचं बोट शेवटच्या तारखेपाशी गेलं. तिथे रेघच नव्हती. "या दिवशी तर काहीच नाही. अम्मी, तूच ते सांगं व्हतं ना, अब्बानी लायेल व्हतं म्हणून?"

"नव्हतं लायेल," आबेदा म्हणाली. आवाज तिचाच होता, पण दुसरंच कुणी बोलतं आहे असं तिला वाटलं. "मास्क मी सांजले धुयेल व्हता. ओला व्हता. मी खोटं सांगं तुले."

दानिश तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पडद्याकडे पाहिलं, त्या चार महिन्यांच्या तळाला चिकटलेल्या रेघांकडे. "ओला राहो का कोरडा राहो," तो हळूच म्हणाला, "अब्बा लावतच नव्हतात ना, अम्मी."

तिला हलकं वाटायला हवं होतं. साडेचार महिने छातीवर घेऊन फिरलेली गोष्ट मुलानं एका वाक्यात उचलून बाजूला ठेवली होती. पण हलकं वाटलं नाही. तिला आठवल्या त्या सगळ्या सकाळी. कोमट पाणी, बाळाचा साबण, बोटानं कडा चोळून काढणं, सावलीतला खिळा. वीस मिनिटं लागलेला, जवळजवळ कोराच मास्क. आणि तिचं विचारणं, आणि त्याचं एकदम झकास. रोज. न चुकता. आणि तिला राग आला. इतका की तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. युसूफ गेल्यापासून तिला त्याच्याबद्दल काही वाटलं असेल तर ते हे पहिलं.

"रोज मन्हासंगे खोटं बोलना तुन्हा बाप," ती म्हणाली. "रोज सकाळे."

दानिश जवळ सरकला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही.

मेघानं लॅपटॉप मिटला. नवा मास्क पाकिटातून काढला, नवी नळी जोडली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा दाब लावला. "काकू, इथेच खुर्चीत बसून थोडा वेळ लावून बघू. घाबरू नका. तोंड मिटायचं, नाकानं श्वास घ्यायचा. नको वाटलं की हात वर करा, मी लगेच काढते."

हवा नाकात शिरली तेव्हा आबेदा दचकली. कुणी तोंडावर फुंकर मारत आहे आणि थांबतच नाही, असं. दोन श्वास चुकले. छाती दडपली. हात वर करावासा वाटला. युसूफला काय होत असेल ते तिला तेव्हा कळलं, आणि कळल्यावरही राग गेला नाही. तिनं दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं.

बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. दानिश चहा पिऊन आला. आणखी एक गिऱ्हाईक येऊन नळीची चौकशी करून गेलं. मेघानं तिच्याकडे पाहिलं.

"वीस मिनिटं झाली, काकू. पहिल्या दिवसाला खूप झालं. काढू या?"

आबेदानं घड्याळावरची नजर हलवली नाही. तिनं मानेनं नाही म्हटलं, आणि पुढचा श्वास घेतला.