लाल दिवा लागेपर्यंत

बेलापूरकडच्या लग्नांत हा फोटोग्राफर मला हटकून भेटतो. कॅमेरा नवा डिजिटल, पण वरचा फ्लॅश रिळाच्या काळातला. एकदा उडाला की बारीक शिट्टी वाजवत पुन्हा चार्ज होतो. मागचा लाल दिवा लागेपर्यंत हा पंजा वर धरून अख्खं स्टेज थांबवतो. नवरी हार धरून उभी, भटजी गप्प.

"नवा फ्लॅश घ्या की," मी एकदा म्हणालो.

"कशाला? लगीन काय पळून चाललंय व्हय?"

परवा एक पुढारी आले, जोडप्याशेजारी क्षणभर उभे राहिले आणि निघाले. त्या एका फोटोसाठी नवरीच्या बापाने त्यांना महिनाभर गळ घातली होती. ह्याने स्क्रीन पाहिली. कॅमेरा उभा धरलेला, शटरचा वेग जास्त; जुन्या फ्लॅशचा उजेड अर्ध्याच फोटोत आला होता. साहेबांची बाजू पूर्ण काळी आली होती. बापाने डोक्याला हात लावला. हा धावत गाडीपाशी गेला.

"साहेब, परत या. नवरा-नवरी आलीत, तुमी न्हाई आला."

साहेब परत आले, हसून उभे राहिले. ह्याने वेग कमी करून आधी एक चाचणीचा फोटो काढला आणि पंजा वर केला. बाहेर ताफ्याचे हॉर्न वाजू लागले. साहेबांनी पाय उचलला.

"हलू नका," हा म्हणाला. "दिवा लागला न्हाई अजून."

साहेबांनी पाय खाली ठेवला.